गुणपत्रिकेत न दिसणारा अनुभव



दहावीच्या वर्गात एकदा तास संपल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. तिला पुढे फिजिओथेरपीचा, म्हणजे भौतिकोपचाराचा, अभ्यासक्रम घ्यावयाचा होता. त्यासाठी आतापासून काय करावे, असे तिने विचारले. मी म्हटले, "परीक्षा झाली की सुट्टीत पंधरा दिवस एखाद्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात जाऊन बस. तिथे काय चालते ते पाहा." तिने क्षणभर विचार केला आणि सरळ विचारले, "सर, याला गुण किती?"

प्रश्न गैर नव्हता. तिला खरे उत्तर देणे मला भाग होते, आणि ते उत्तर होते, 'शून्य'.

आपल्या महाराष्ट्रात भौतिकोपचाराच्या पदवीला, म्हणजे बी. पी. टीएच.ला, प्रवेश मिळतो तो 'नीट' या परीक्षेतील गुणांवर. बारावीला भौतिकी, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे, आणि नीटमध्ये ७२० पैकी जितके अधिक गुण मिळतील तितके बरे. तुम्ही कधी एखादा रुग्ण जवळून पाहिला आहे का, हे प्रवेशाच्या अर्जात कोणी विचारीत नाही. इतर देशांत मात्र विचारतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे अर्जदाराने भौतिकोपचारतज्ज्ञाजवळ बसून किती तास काम पाहिले, याचा हिशेब मागतात. इंग्लंडमध्येही अर्जदाराला या व्यवसायाची प्रत्यक्ष ओळख आहे की नाही, हे त्याच्या निवेदनातून आणि मुलाखतीतून तपासले जाते.

आपल्याकडे त्याला गुण नाहीत. तरीही तुम्ही जावे, असे माझे ठाम मत आहे. का, ते सांगतो.

यादीतले शेवटचे नाव

दरवर्षी नीटचा निकाल लागला की घरोघरी एक यादी तयार होते. प्रथम एम. बी. बी. एस., मग दंतवैद्यक, मग आयुर्वेद आणि होमिओपॅथी, आणि हे काहीच मिळाले नाही तर भौतिकोपचार. ज्याने या विषयाचा विभाग बाहेरूनही पाहिलेला नाही, असा विद्यार्थी त्यात जाऊन पडतो. पहिले वर्ष शरीररचना पाठ करण्यात जाते. खरा रुग्ण समोर येतो तेव्हा कळते की, हे काम खुर्चीत बसून औषधे लिहून देण्याचे नाही. घामेजलेले पाऊल हातात धरावे लागते. तोच व्यायाम, तोच रुग्ण, रोज. वेदना होते म्हणून ओरडणाऱ्या माणसाला न रागावता धीर द्यावा लागतो. ज्याला हे आवडते त्याला या कामात आयुष्यभर आनंद मिळतो. ज्याला आवडत नाही त्याची चार वर्षांहून अधिक काळाची शिक्षा सुरू होते. आणि मित्रहो, नुकसान एकट्या विद्यार्थ्याचे नसते. मन नसलेल्या माणसाच्या हाती पुढे कोणाचा तरी लुळा पडलेला हात दिला जाणार असतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. निवड करण्यापूर्वी काम पाहणे. आपण चपला घेतानासुद्धा पायात घालून दोन पावले चालून पाहतो!

मालीश नव्हे, शास्त्र

भौतिकोपचार म्हणजे मालीश आणि शेक, अशी एक समजूत आहे. तिला थोडासा इतिहासाचा आधार आहे. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मर्दनोपचार करणाऱ्यांची एक संस्था स्थापन केली. तीच पुढे तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांची संस्था झाली. पण नंतर दोन महायुद्धांत जखमी झालेले सैनिक आणि पोलिओने पांगळी झालेली मुले यांच्यामुळे या विषयाचे रूप पार बदलले. कोणता स्नायू किती दुबळा झाला आहे, कोणता अजून जागा आहे, त्याला कोणत्या क्रमाने काम द्यावे, याचे मोजमाप सुरू झाले.

आपल्याकडे याचा आरंभ मुंबईला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला. तेथे १९५० साली कमला निंबकर या जन्माने अमेरिकन असलेल्या बाईंनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. व्यवसायोपचार म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून दिलेले शिक्षण. पुढील दोन-तीन वर्षांत त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचीही शाळा निघाली. तेव्हा पोलिओ हे मोठे संकट होते. लसीकरणामुळे ते हटले. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त घोषित झाला. पण भौतिकोपचाराचे काम संपले नाही. आज अर्धांगवायू, वाहनांचे अपघात, झिजलेले गुडघे, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची छातीची काळजी अशा कितीतरी ठिकाणी त्याची गरज लागते.

पुण्याचा तर या विषयाशी जुना संबंध आहे. सैनिकांसाठीचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या सैनिकांसाठी खडकीला १९७४ साली पुनर्वसन केंद्र सुरू झाले. आणि मुरलीकांत पेटकर यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. पुनर्वसनाचा भाग म्हणून तो पाण्यात उतरला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली पेटकरांना पद्मश्री मिळाली. पोहणे हा त्यांच्यासाठी आधी उपचार होता, पदक नंतर आले.

तिथे पाहावयाचे काय?

तुम्ही म्हणाल, नुसते बसून काय कळणार? पुष्कळ कळते, पण काय पाहायचे हे ठाऊक असेल तर. तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, स्नायूचे बळ. भौतिकोपचारतज्ज्ञ प्रत्येक स्नायूला शून्य ते पाच असे गुण देतात. हालचाल मुळीच नसेल तर ०. स्नायू हाताला नुसता फुरफुरलेला जाणवला तर १. गुरुत्वाकर्षणाचा अडथळा काढून टाकल्यावर, म्हणजे पाय पलंगावरच सरकवता आला, तर २. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय उचलता आला तर ३. थोड्या विरोधाला न जुमानता उचलला तर ४, आणि पूर्ण विरोध सोसला तर ५. तुम्हाला ७२० पैकी गुण मोजण्याची सवय आहे. या विभागात पाचापैकी गुण मोजतात, आणि २ वरून ३ वर जावयास एखाद्या माणसाला दोन महिने लागतात. तो ज्या दिवशी ३ वर जातो त्या दिवशी त्याच्या घरच्यांचे चेहरे पाहा.

दुसरी गोष्ट, कोन. सांधा किती वाकतो हे अंशांत मोजतात. निरोगी गुडघा सरळ स्थितीपासून सुमारे १३५ अंश वाकतो. मांडी घालून किंवा उकिडवे बसणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना हा कोन किती महत्त्वाचा आहे, हे सांगावयास नकोच. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या आणि कंपासपेटीतील कोनमापक घेऊन हे साधन तुम्ही घरीच करू शकता. घरातील प्रत्येकाच्या कोपराचा कोन तीन-तीनदा मोजा. तिन्ही वेळा आकडा सारखा येणार नाही! मापनातील त्रुटी म्हणजे काय, हे तेव्हा पुस्तकापेक्षा अधिक चांगले कळेल.

तिसरी गोष्ट, तरफ. कोपर काटकोनात ठेवून हातात २ किलोग्रॅमची पिशवी धरा. कोपराचा सांधा हा टेकू. पिशवी टेकूपासून सुमारे ३५ सेंटीमीटरवर आहे. दंडातील द्विशिर स्नायू मात्र कोपरापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो. म्हणजे भाराचे अंतर स्नायूच्या अंतराच्या सातपट. हाताचे स्वतःचे वजन सोडून दिले तरी स्नायूला २ च्या सातपट, म्हणजे १४ किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागते. आता तीच पिशवी कोपराजवळ अडकवून पाहा. दुबळ्या हाताच्या रुग्णाला वजन आधी हातात न देता कोपराजवळ का देतात, हे तुम्हाला कोणी न सांगता उमगेल. शाळेत घोकलेली 'तिसऱ्या प्रकारची तरफ' तुमच्याच खांद्याला लोंबकळत असते.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पडून माझे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये आणि गळ्यात. हाड छान जुळले, पण हात गळ्यात बांधून ठेवल्याने खांदा आखडला. फळ्यावर लिहावयास हात वर जाईना. माझ्यावर उपचार करणारी मुलगी तुमच्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिने पहिल्या दिवशी खांद्याचा कोन मोजला, तो ९० अंशही भरला नाही. मग तिने विचारले, "सर, तुम्हाला नेमके काय करता यावयास हवे?" मी म्हटले, "फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहिता आली पाहिजे." तिने भिंतीवर खडूने एक रेघ मारली आणि दर आठवड्याला ती रेघ वर सरकवत नेली. माझ्या हाडाचे चित्र क्ष-किरणांनी दाखविले होते. पण मला हाताचा उपयोग कशासाठी हवा आहे, हे तिच्या त्या एका प्रश्नाने दाखविले. असे प्रश्न कसे विचारावे, हे तुम्हाला नीटच्या पुस्तकात सापडणार नाही.

जावे कोठे आणि कसे?

पुण्यात जागांना तोटा नाही. ससून रुग्णालय आहे, संचेती रुग्णालयासारखी भौतिकोपचाराचे महाविद्यालय असलेली रुग्णालये आहेत, अपंग मुलांच्या शाळा आहेत, वृद्धाश्रम आहेत. तुम्ही लहान गावात राहत असाल तर तालुक्याच्या ठिकाणी एखादा भौतिकोपचारतज्ज्ञ असतोच. परवानगी मात्र प्रत्येक ठिकाणी रीतसर काढावी लागेल. एका कागदावर अर्ज लिहा: मी अमुक इयत्तेत शिकतो, मला हा विषय समजून घ्यावयाचा आहे, रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस एका बाजूला बसून पाहण्याची परवानगी मिळावी. खाली पालकांची सही आणि मुख्याध्यापकांचे शिफारसपत्र. एका ठिकाणी नकार मिळाला तर रागावू नका. त्यांच्याकडे गर्दी असते आणि रुग्णाला आधी पाहणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. दुसऱ्या दारी जा.

रुग्णालयात जमले नाही तरी अडत नाही. वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा जाऊन एखाद्या आजोबांबरोबर अंगणात फेरी मारा. किती पावलांनी ते थांबतात, वळताना कशाचा आधार घेतात, ते पाहा. आषाढीच्या वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा वारकऱ्यांच्या दुखऱ्या पायांची सेवा करणारे स्वयंसेवक असतात. त्यांच्याबरोबर पाण्याची बादली उचलावयास जा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या पावलांकडून शिकावयास पुष्कळ आहे. तेही नाही, तर घरात आजीचे गुडघे आहेतच! जिना चढताना ती आधी कोणता पाय टाकते, आणि उतरताना कोणता?

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळा. रुग्णाची संमती असल्याखेरीज जवळ बसू नका. त्याने 'नको' म्हटले तर मुकाट्याने बाहेर जा. छायाचित्रे काढू नका. रुग्णाचे नाव आणि आजार घरी किंवा मित्रांत बोलू नका. यंत्रांना हात लावू नका. सर्दी-ताप असेल त्या दिवशी जाऊ नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दहा दिवस पाहिले म्हणून कोणाला व्यायाम सांगत सुटू नका. शेजारच्या काकूंचा खांदा तुम्ही ओढाल आणि त्यांचे दुखणे वाढेल! पैसे घेऊन 'अनुभवाचे प्रमाणपत्र' देणारा कोणी भेटला तर त्याला दुरूनच नमस्कार करा. प्रवेशाला त्या कागदाचा उपयोग नाही, आणि अनुभव तर विकत मिळतच नाही.

रोज एक वही लिहा. पानाचे तीन भाग करा: आज काय पाहिले, काय कळले नाही, आणि त्याबद्दल नंतर काय वाचले. मधला भाग रिकामा राहू लागला तर समजा की, तुम्ही लक्ष देत नाही.

मग गुण का देऊ नयेत?

काही शिक्षक मला म्हणतात, "हे इतके चांगले असेल तर प्रवेशाच्या वेळी याला गुण द्यावेत, म्हणजे मुले जातील." मला हे पटत नाही. गुण ठेवले की ज्याचे काका डॉक्टर आहेत त्याला घरबसल्या प्रमाणपत्र मिळेल, आणि ज्याची आई भाजी विकते त्याला दारात कोणी उभे करणार नाही. परीक्षेत निदान सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते. ओळखी-पाळखीची प्रश्नपत्रिका मात्र प्रत्येकाला वेगळी मिळते. परदेशातही ही अडचण आहेच. म्हणून काही ठिकाणी रुग्णालयातील तासांऐवजी वृद्धांची सेवा किंवा इतर अनुभवही मान्य करतात.

गुण नकोत, पण दार उघडे हवे. आज ते दार ज्याच्या घरी ओळख आहे त्यालाच उघडते, आणि हे मला सलते. यावर शाळा आणि महाविद्यालये सहज उपाय करू शकतील. ८ सप्टेंबर हा जागतिक भौतिकोपचार दिन. १९५१ साली याच दिवशी या तज्ज्ञांची जागतिक संघटना स्थापन झाली. त्या दिवशी प्रत्येक भौतिकोपचार महाविद्यालयाने आसपासच्या दोन-तीन शाळांतील, विशेषतः महानगरपालिकेच्या शाळांतील, नववी-दहावीच्या मुलांना बोलवावे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी पुढाकार घेऊन पत्र लिहावे. दहा मुले गेली आणि त्यातील दोघांनी सुट्टीत येण्याची परवानगी मागितली, तरी काम झाले. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावयास नको.

'वेळ कोठे आहे?' असे तुम्ही विचाराल. अकरावी-बारावीत खरोखरच नसतो. म्हणूनच दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दिवस मोलाचे आहेत. त्यातले दहा दिवस, रोज दोन तास. एकूण वीस तास. त्यावर पुढची चाळीस वर्षे अवलंबून आहेत.

माझ्या वर्गातील एक मुलगा असा गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, "सर, मला नाही जमणार. कोणी कळवळले की माझेच पोट ढवळते." तो पुढे दुसऱ्या विषयाकडे वळला. त्याचे तीन दिवस फुकट गेले असे मी मानत नाही, त्याची चार वर्षे वाचली. 'नाही' हे उत्तर मिळणे, हेही प्रयोगाचे यशच असते.

आणि ती गुण विचारणारी मुलगी? ती गेली, शून्य गुणांसाठी. परत आल्यावर तिने मला वही दाखविली. नवव्या दिवसाच्या पानावर लिहिले होते: "अर्धांगवायू झालेले आजोबा आज कोणाचा हात न धरता खुर्चीतून उठले. तीनदा खाली बसले, चौथ्यांदा उठले. मला सारखा हात द्यावासा वाटत होता. ताईंनी डोळ्यांनीच नको म्हटले. हात का दिला नाही, ते कळले नाही." त्याखाली दुसऱ्या शाईने लिहिले होते: "वाचले. मेंदूचा इजा झालेला भाग भरून येत नाही, पण उरलेला भाग ते काम शिकू शकतो. मात्र त्यासाठी रुग्णाने ते काम स्वतः पुन्हा पुन्हा करावे लागते. मी हात दिला असता तर उठले असते माझे हात. आजोबांचा मेंदू काहीच शिकला नसता."

ती वही वाचल्यावर मी तिला विचारले, "मग, ठरले का?" ती म्हणाली, "हो सर. आता नीटचा अभ्यास करते."

मित्रहो, या सुट्टीत तुम्हीही एक वही घ्या. त्यात काय लिहिलेत ते मला जरूर कळवा, आणि मधल्या भागातले, न कळलेले प्रश्न आधी कळवा.